फुलावरचे किडे बघताना या चुका टाळा

पावसाळा ओसरला की फोंड्याकडच्या आमच्या घरी कोणी ना कोणी फोन पुढे करत येतं. फोनमध्ये फुलावर बसलेला किडा आणि पहिलाच प्रश्न, "मामी, ह्याचं नाव काय?" मी विचारते, तो फुलावर काय करत होता? रस पीत होता की पराग गोळा करत होता? आत शिरला की बाहेरूनच गेला? याला उत्तर नसतं. फोटो मिळाला आणि माणूस पुढच्या झाडाकडे गेला. नाव कळलं की किडा कळला असं वाटणं, हीच मला सगळ्यात मोठी चूक वाटते.

मागच्या थंडीत कॉलेजातला एक मुलगा "बंबलबी मिळाली" म्हणून उड्या मारत आला. ॲपने सांगितलं होतं. पण गोव्यात बंबलबी नाही. आपल्या देशात ती हिमालयाच्या थंड पट्ट्यात राहते. फोटोतला होता आपला सुतार भुंगा, लाकडात आणि बांबूत भोकं पाडून घर करणारा. बंबलबीचं पोट केसाळ असतं. सुतार भुंग्याचं वरून गुळगुळीत आणि चकचकीत असतं, पंखांवर निळी-जांभळी झाक असते. दोन मिनिटं नीट बघितलं असतं तर पोटाची चकाकी त्यालाच दिसली असती. ॲप फक्त फोटोशी फोटो जुळवतं, बघण्याचं काम ते आपल्यासाठी करत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिली दहा मिनिटं फोन खिशात ठेवावा लागतो. वहीत आधी वेळ, फूल, ऊन की ढग, आणि किड्याने काय केलं ते लिहायचं. नावाचा रकाना शेवटचा, तोही पेन्सिलीने.

दिवसाढवळ्या फुलासमोर हवेत थांबून लांब सोंडेने रस पिणारा 'हमिंगबर्ड' म्हणजे पतंग. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेच नसतात. डोक्यावरच्या मिशा बघा, वाद मिटतो.

दुसरी चूक मी स्वतः दोन वर्षं केली. फुलावर आला म्हणजे त्याने परागीभवन केलं, असं मी धरून चालले होते. गडग्याला लागून आमचा पिवळा टेकोमा आहे. त्यावर सुतार भुंगे दिवसभर घोंघावतात, आणि मी वहीत प्रत्येक भेटीपुढे 'परागीभवन' लिहीत गेले. एका सकाळी अंगण झाडताना खाली पडलेली फुलं हातात घेतली. जवळजवळ प्रत्येक फुलाच्या देठाजवळ बारीक उभी चीर. मग केर तिथेच टाकून झाडाखाली बसले. भुंगा फुलाच्या तोंडाशी जातच नव्हता. बाहेरून नळीवर बसायचा, बुडाशी चीर पाडायचा, रस ओढायचा आणि निघून जायचा. परागांना त्याचा स्पर्शही होत नव्हता. त्याच चिरेतून नंतर मुंग्या रस घेत होत्या. दोन वर्षांच्या नोंदींतला तो रकाना मला खोडावा लागला, आणि ते मला फार लागलं.

पण म्हणून भुंग्याला चोर ठरवून मोकळं होऊ नका. न्हाणीमागे आमचा पॅशनफ्रूटचा वेल आहे. त्या फुलात पुंकेसर वरून खाली झुकलेले असतात. भुंगा रसासाठी खाली शिरला की त्याच्या पाठीला पराग फासले जातात आणि पुढच्या फुलात तीच पाठ स्त्रीकेसराला घासते. मधमाशी त्या मानाने लहान, ती खालून पराग न लागताच निघून जाते. वांग्याच्या फुलावरही भुंग्याला बघा. वांग्याचे पराग परागकोशाच्या टोकावरच्या भोकातून बाहेर पडतात. भुंगा परागकोश पकडून अंग थरथरवतो आणि पराग झडतात. तो आवाज नेहमीच्या उडण्यापेक्षा वेगळा असतो, कान दिला तर ओळखू येतो. निळ्या पट्ट्यांची माशीही हे करते, सातेरी या आपल्या देशी मधमाशीला ते जमत नाही. म्हणजे एकच किडा एका झाडावर लुटारू आणि दुसऱ्यावर कामाचा. नुसत्या नावावरून हे कसं कळणार? आता मी तीनच गोष्टी लिहिते: कुठून शिरला, अंगाचा कोणता भाग परागांना लागला, आणि तिथून त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर गेला का.

मधमाशा मोजताना पंख आणि मिशा बघा. शेजारच्या वहिनींनी तुळशीवर "चाळीस मधमाशा" मोजल्या. मी बसून बघितलं, तर निम्म्याहून जास्त पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या फूलमाश्या. मोठे डोळे, आखूड मिशा, पंखांची एकच जोडी, आणि हवेत एका जागी थांबण्याची सवय. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. या फूलमाश्या बिनकामाच्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खातात. पण त्या मधमाशांच्या रकान्यात नकोत.

रविवारी चहा-पाव आटोपून अकराला बागेत उतरायचं आणि "आमच्याकडे काही येतच नाही" म्हणायचं, हे मी कितीदा ऐकलं! भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात. फुलाची वेळ पाळा, आपल्या सवडीची नको.

अत्तर लावून बसू नका. सावली फुलावर पडू देऊ नका. फुलोऱ्यावर औषध मारून मग किडे मोजणाऱ्यांशी मी बोलत नाही.

दहा मिनिटांत एकही किडा आला नाही तर शून्य लिहा. शून्य गाळलेली वही माझ्या दृष्टीने खोटी वही.

चवथीआधी रंगकाम काढताना चिऱ्याच्या फटीतून डोकावणारी डिंकामेणाची नळी खरवडू नका. ते डंख नसलेल्या इवल्या काळ्या माशांचं दार आहे. अंगणातली एकदांडी 'रान' म्हणून सरसकट उपटू नका, फुलपाखरांची आणि लहान माशांची तिच्यावर रीघ असते.

फुलपाखरू फुलावर फारच स्थिर दिसलं तर फोटोच्या आनंदात राहू नका, पाकळीच्या कडेला बघा. फुलाच्याच रंगाचा खेकडा-कोळी त्याला धरून बसलेला असू शकतो.

आणि दिवे लागले म्हणून लगेच घरात जाऊ नका. बागेतल्या सुकलेल्या बारीक काटक्या बघा. निळ्या पट्ट्यांच्या माशांचे नर जबड्याने काटकी धरून तिथे ओळीने झोपतात, बऱ्याचदा रोज त्याच काटकीवर. ती काटकी मी छाटत नाही.