डोळे दाखवायला निघण्याआधी

व्हिगाबॅट्रिन हे फिटचं औषध चालू असलेल्या मुलाचे डोळे साधारण दर तीन महिन्यांनी तपासायचे असतात. निघताना पिशवीत सगळ्यांत आधी पहिला रिपोर्ट घाला. म्हणजे औषध सुरू करताना, पहिल्या चार आठवड्यांत केलेल्या तपासणीचा. गेल्या खेपेला आम्ही साखळीहून पहाटेची बस धरून पणजी गाठली आणि तो फ्रिजवरच राहिला. डॉक्टरांनी नवा आलेख उजेडात धरला, विचारलं, "आधीचा कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या औषधाने नजर कडांकडून आत आक्रसू शकते, आणि गेलेली नजर परत येत नाही. मधलं स्वच्छ दिसतं, त्यामुळे मूल तक्त्यावरची अक्षरं धडाधड वाचतं आणि आपण निर्धास्त होतो. लहान मूल सांगणार तरी काय? फरक कळतो तो पहिल्या रिपोर्टशी ताडूनच. मोबाइलमध्ये फोटो ठेवा, पण कागदही घ्या.

लहान मुलांची नजरेच्या कडांची तपासणी नीट होत नाही, म्हणून ईआरजी करतात: डोळ्यांजवळ तारा लावून प्रकाशाचे झोत टाकतात. गुंगीचं औषध द्यायचं असेल तर उपाशी न्यावं लागतं. तेव्हा सकाळचा फिटचा डोस कसा द्यायचा, ते आदल्या दिवशीच फोन करून विचारा. आपल्या मनाने चुकवू नका. अचानक फिट आल्यास द्यायचा नाकातला स्प्रे दिला असेल तर तोही घ्या.

औषध कधी सुरू केलं, किती वाढवलं, हे एका कागदावर लिहा. मूल एकाच बाजूच्या चौकटीला आपटतं का, बाजूने आलेला चेंडू त्याला दिसतो का, तेही. टोपिरामेट हे फिटचं दुसरं औषध चालू असेल आणि डोळा लाल झाला, दुखला, एकाएकी धूसर दिसू लागलं, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. कार्बामाझेपिन या फिटच्याच औषधावर एकाचं दोन दिसत असेल तर सांगा. पण घाबरून घरीच कुठलंही औषध बंद करू नका, फिट उलटून जोरात येतात.

टोपी, पाणी, खाऊ. तपासणीसाठी डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर उन्हाचा त्रास होतो.

पहिला रिपोर्ट घेतला ना?

परतताना पुढची तारीख घ्या. औषध थांबल्यावरही तीन ते सहा महिन्यांनी एक तपासणी असते. नवा कागद त्याच फायलीत, पहिल्याच्या मागे.