जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल हातात आली? आधी या चुका टाळा

जुन्या रायफलींचं नुकसान गंजाने होतं त्याहून जास्त उत्साहाने होतं, हे माझं ठाम मत आहे. पन्नास-साठ वर्षं कपाटात पडलेली विंचेस्टर 94 किंवा मार्लिन 336 सारखी, ट्रिगरभोवतीची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची रायफल घरी येते आणि त्याच संध्याकाळी माणूस सँडपेपर घेऊन बसतो. तिथेच घात होतो.

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे ना, ते पाहा. नळीच्या खालच्या मॅगझिनमधलं एखादं काडतूस जुन्या, चिकट स्प्रिंगमुळे आतच अडकून राहतं. लिव्हर दोनदा चालवली, काही बाहेर पडलं नाही, म्हणजे ती रिकामी असं समजू नका. चेंबर, म्हणजे काडतूस उडतं ती नळीच्या मागच्या टोकाची जागा, बघा आणि मॅगझिनचा फॉलोअर (काडतुसं ढकलणारा तुकडा) डोळ्यांना दिसतोय का, तेही बघा.

आता स्क्रू. माझी स्वतःची पहिली चूक इथलीच. मार्लिनच्या लिव्हरचा स्क्रू मी घरातल्या साध्या पेचकसने फिरवायला गेलो. साध्या पेचकसचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे ते खाचेच्या तळाला टेकत नाही, फक्त वरच्या कडांवर जोर देतं. पातं निसटलं, खाचेची कड उचलली गेली आणि रिसीव्हरवर (यंत्रणा बसते त्या धातूच्या सांगाड्यावर) बोटभर चरा उमटला. तो आजही तिथे आहे. बंदुकीच्या स्क्रूला दोन्ही बाजू समांतर घासलेलं, खाचेत घट्ट बसणारं पातंच लागतं. स्क्रू हलत नसेल तर भेदक तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. आणि हो, 336 चा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काढताना इजेक्टर, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर फेकणारा तुकडा, सुटा होऊन पडतो. खाली फडकं अंथरून ठेवा, नाहीतर जमिनीवर शोधत बसाल.

गंज दिसला की पॉलिशिंगच्या चाकावर धरायचं, ही सर्वात महागात पडणारी चूक. चाक गंज काढतं, त्याबरोबर रिसीव्हरच्या धारदार कडा गोल करतं, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पाडतं आणि कंपनीची ठसवलेली अक्षरं पुसून टाकतं. हे पुन्हा आणता येत नाही. संग्राहक अशी रायफल दुरून ओळखतात. तपकिरी, गुळगुळीत, एकसारखा पडलेला थर हा धातूचं वय आहे, त्याला राहू द्या. हाताला खरखरीत लागणारा लाल गंज मात्र थांबवायलाच हवा. त्यासाठी तेल आणि सर्वात बारीक, 0000 नंबरची स्टील वूल, तीही हलक्या हाताने.

जुनं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा संरक्षक थर, अजून बरंच शिल्लक असेल तर मला उकळण्याची पद्धत सर्वात आवडते. लाकूड आणि स्प्रिंगा काढून पोलादी भाग तेलमुक्त करायचे आणि डिस्टिल्ड पाण्यात वीस-तीस मिनिटं उकळायचे. लाल गंज म्हणजे फेरिक ऑक्साइड, त्याचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. भाग बाहेर काढला की त्यावर काजळीसारखी मखमली काळी पूड दिसते. मऊ, बारीक तारांच्या ब्रशने ती झटकली की खाली गडद काळा रंग उरतो. बाहेरून काही चोपडलेलं नसतं, त्याच धातूचा तो रंग असतो. लगेच तेल लावा.

नव्याने हॉट ब्ल्यूइंग (क्षारांच्या गरम द्रावणात बुडवून तो थर चढवणं) करायचा विचार असेल तर रायफल कोणत्या काळातली ते आधी तपासा. 1964 नंतरच्या अनेक विंचेस्टर 94 च्या रिसीव्हरचा धातू वेगळा आहे आणि त्यावर नेहमीचं ब्ल्यूइंग नीट धरत नाही.

नळीच्या आतली चूक वेगळी. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधलं (बुडाशी ठिणगी देणारा भाग) पोटॅशियम क्लोरेट जळून क्षार मागे ठेवतं. तो क्षार हवेतली ओल ओढतो आणि नळी खातो. तेलात तो विरघळत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. विंचेस्टर 94 ची नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते, म्हणून रॉडला गाइड लावा. तोंडाची कड झिजली की नेम बिघडतो. 336 चा बोल्ट सहज निघतो, तिथे मागून साफ करा.

चालवण्याआधी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांच्यातलं अंतर, जाणकार गनस्मिथकडून तपासून घ्या, याला पर्याय नाही. नळीवर कोरलेलं कॅलिबर वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये, जिथे काडतुसं एकामागे एक असतात, टोकदार कडक गोळ्या कधीच भरू नका: एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं आणि धक्क्याने ते आतच उडू शकतं. फिरत्या मॅगझिनच्या सॅव्हेज 99 मध्ये हा धोका नाही.

दस्त्याचं लाकूड बहुधा अक्रोडाचं. रिसीव्हरजवळ ते काळं पडलेलं असेल तर अनेक वर्षं झिरपलेलं तेल त्याला कारण आहे. सँडपेपर मारला की लाकूड धातूपेक्षा खाली बसतं आणि जोड कायमचा उघडा दिसतो. अ‍ॅसिटोनमध्ये कालवलेली खडूची पूड थापून वाळू द्या, ती तेल शोषून घेते. दोन-चार वेळा करावं लागेल. खिडक्या उघड्या ठेवा, आसपास आग नको. नंतर जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, त्या आपोआप पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवा.