थंड प्रदेशातल्या घराचे उष्णतारोधन: आधी फटी, मग ओल, मग लोकर

हीटर दिवसरात्र चालू आहे, तरी पाय गार पडतात आणि खिडकीजवळ बसवत नाही. अशा घरात आणखी मोठा हीटर आणून फारसा उपयोग होत नाही. गरम झालेली हवा वर चढते, माळ्याच्या फटींतून निघून जाते आणि तिची जागा भरायला जोत्याकडच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. अख्खे घर धुराड्यासारखे वागते. बाहेर थंडी जितकी जास्त, तितकी ही ओढ जोरात. म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी हवेची गळती बंद करायची, मग ओलाव्याचा बंदोबस्त करायचा आणि त्यानंतरच उष्णतारोधक थर द्यायचा. क्रम उलटा केला तर पैसे जातातच, शिवाय काही हिवाळ्यांनी आतले लाकूड कुजलेले सापडते.

पायरी १: गळती शोधा

वाऱ्याचा, थंडीचा दिवस निवडा. आत आणि बाहेर किमान १० अंशांचा फरक हवा. ज्योतीवर चालणारे हीटर आणि गिझर आधी बंद करा, कारण पंख्यांच्या ओढीने त्यांचा धूर घरात येऊ शकतो. सगळ्या खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला धूर-वाफ बाहेर टाकणारा पंखा सुरू करा आणि पेटवलेली उदबत्ती हातात घेऊन हळूहळू फिरा. धूर सरळ वर न जाता आडवा वळला किंवा थरथरला, की तिथे फट आहे. लगेच खडूने खूण करा, नंतर आठवत नाही.

खिडक्यांकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण मोठी गळती बहुधा दिसत नाही अशा जागी असते: माळ्याची झडप, छतात बसवलेल्या दिव्यांची भोके, आतल्या भिंतींची माळ्यात उघडी राहिलेली डोकी, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांभोवतीची पोकळी, चिमणीभोवतीची जागा, बाहेरच्या भिंतींवरचे स्विचबोर्ड आणि घराचा लाकडी सांगाडा पायावर टेकतो तो सांधा. माळ्यावर आधीच ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) अंथरलेली असेल तर ती उचलून खालची बाजू पाहा. जिथे ती काळपट पडली आहे, तिथून वर्षानुवर्षे हवा जात आहे. लोकर हवा अडवत नाही, फक्त तिच्यातली धूळ गाळते. फटीत लोकर कोंबून काम भागत नाही ते यामुळेच.

नेमका आकडा हवा असेल तर तज्ज्ञाकडून दाब-चाचणी करून घ्या. दारात मोठा पंखा बसवून आतबाहेर हवेच्या दाबात ५० पास्कालचा फरक निर्माण करतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. काम सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा अशी चाचणी केली तर खरोखर किती फरक पडला ते कळते.

पायरी २: फटी बुजवा, वरून सुरुवात करा

आधी माळा, मग जोते, मधले मजले शेवटी. हवेची ओढ वरच्या आणि खालच्या टोकांना सर्वांत जास्त असते, म्हणून हा क्रम.

साधारण ६ मिमीपर्यंतच्या फटीला लवचिक सिलंट (फट बुजवायची पेस्ट) पुरते. त्याहून रुंद फटीला फुगणारा फोम वापरा. तळहातापेक्षा मोठ्या भोकावर कठीण फोमचा किंवा प्लायवुडचा तुकडा मापाने कापून बसवा आणि त्याच्या कडा फोमने भरा. दाराखिडक्यांच्या चौकटीभोवती मात्र कमी फुगणाराच फोम हवा. साधा फोम फुगताना चौकट वाकवतो आणि मग पल्ला अडकू लागतो.

चिमणीजवळ फोम अजिबात नको. तिथे पत्रा कापून बसवा आणि कडेला उच्च तापमान सोसणारे सिलंट भरा. चिमणीपासून लाकूड आणि लोकर किती अंतरावर ठेवायची ते चिमणीच्या प्रकारावर आणि स्थानिक नियमांवर ठरते. ते आधी विचारून घ्या. छतातल्या जुन्या दिव्यांचेही तसेच. लोकर टेकली तरी चालेल असे ज्या दिव्यावर लिहिलेले नाही, त्याच्याभोवती किमान ७५ मिमी जागा मोकळी ठेवा, नाहीतर दिवा बदला.

पायरी ३: ओलावा कुठे थांबवायचा

२० अंशांच्या खोलीत आर्द्रता ५० टक्के असेल, तर ती हवा साधारण ९ अंशांपर्यंत गार होताच तिच्यातून पाणी सुटू लागते. बाहेर उणे १० असताना भिंतीच्या जाडीत कुठेतरी ९ अंशांची जागा असतेच. खोलीतली वाफ तिथपर्यंत पोहोचली की लोकरीला घाम फुटतो, ती खाली बसते आणि आतला सांगाडा ओल धरतो. बाहेरून मात्र वर्षानुवर्षे काही दिसत नाही.

म्हणून वाफ अडवणारा पडदा नेहमी उबदार बाजूला, म्हणजे खोलीच्या बाजूला असतो. त्यासाठी ०.१५ ते ०.२ मिमी जाडीचे पॉलिथिन चालते. एका पट्ट्यावर दुसरा पट्टा १५० मिमी चढवा, हा जोड शक्यतो लाकडावर येईल असा ठेवा आणि त्यासाठीचीच टेप लावा. साधी पॅकिंगची टेप दोन हिवाळ्यांत सुटते. स्विचबोर्डच्या डब्याभोवती पॉलिथिन फाडून सोडू नका. डब्याच्या आकाराचे छोटे भोक कापा आणि कडा सिलंटने चिकटवा.

दोन्ही बाजूंना पॉलिथिन लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. आत शिरलेल्या ओलाव्याला मग बाहेर पडायला वाटच उरत नाही. जिथे हिवाळा कडक आहे, पण उन्हाळाही दमट आणि गरम असतो, तिथे पॉलिथिनऐवजी ओलाव्यानुसार कमी-जास्त वाफ जाऊ देणारा पडदा वापरावा.

न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप माळ्यावर मोकळा सोडलेला असेल तर आजच तो छपराबाहेर न्या आणि त्याच्यावर लोकर गुंडाळा. रोजच्या अंघोळींची वाफ गार माळ्यात सोडायची आणि खालून फटी बुजवत बसायचे, याला अर्थ नाही.

पायरी ४: माळा

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त ऊब इथे मिळते. काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी पाहा. माळ्यावर चकचकीत, खड्यांसारखा सुटा व्हर्मिक्युलाइट पसरलेला असेल तर त्याला हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, आधी तपासणी करून घ्या. जुन्या उघड्या तारा असतील तर आधी वायरमनला बोलवा, कारण लोकरीखाली दबलेली तार तापते.

जाडी ठरवायचे गणित सोपे आहे. जाडी मीटरमध्ये घ्या आणि तिला पदार्थाच्या उष्णतावाहकतेने (वॅट प्रतिमीटर प्रतिअंश) भागा, की रोध, म्हणजे तो थर उष्णता किती अडवतो त्याचा आकडा, मिळतो. खनिज लोकरीची वाहकता साधारण ०.०३५ ते ०.०४०, थर्माकोलची ०.०३१ ते ०.०३८, पॉलियुरेथेन फोमची ०.०२२ ते ०.०२८ असते. म्हणजे ०.०३८ वाहकतेची ३०० मिमी लोकर जवळजवळ ८ इतका रोध देते. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात माळ्यासाठी निदान एवढे धरावे, जमल्यास ३५० ते ४०० मिमी.

वळचणीपासून सुरुवात करा. तिथून आत येणारी हवा छपराचा खालचा भाग कोरडा ठेवते. लोकर सरकून ही वाट बंद होऊ नये म्हणून प्रत्येक दोन वाशांमध्ये पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची पन्हळ बसवा आणि वर २५ ते ५० मिमी हवेची वाट ठेवा. मग पहिला थर तुळयांच्या मधल्या जागेत, तुळईच्या उंचीएवढा. दुसरा थर पहिल्यावर आडवा, म्हणजे तुळयाही झाकल्या जातात. लोकर दाबू नका, तिची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेत आहे. ३०० मिमीची लोकर २०० मिमीत कोंबली तर पैसे ३०० मिमीचे जातात आणि रोध त्यापेक्षा बराच कमी मिळतो. सुटा सेल्युलोज (कागदाचा भुगा) फुंकून भरणार असाल तर तो पुढे खाली बसतो. पिशवीवर भरतानाची आणि बसल्यानंतरची अशा दोन जाड्या दिलेल्या असतात, त्या पाहूनच भरा. तुळयांवर जागोजागी मापपट्ट्या ठोका, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते.

आता झडप. १०० चौरस मीटरच्या माळ्यावर ८ रोधाचा थर असेल आणि आतबाहेर ३० अंशांचा फरक असेल, तर त्या सगळ्या माळ्यातून साधारण ३७५ वॅट उष्णता जाते. याच माळ्यात अर्ध्या चौरस मीटरची १२ मिमी प्लायवुडची उघडी झडप असेल तर एकट्या तिच्यातून ५० वॅट जातात. झडपेवर १०० मिमी कठीण फोम चिकटवला की हा आकडा ५ वॅटच्या आसपास येतो. कडेने रबरी पट्टी लावा आणि झडप घट्ट दाबून बसेल अशी कडी लावा. फटीतून निघून जाणारी हवा या हिशोबात धरलेलीच नाही.

काम करताना पाय तुळयांवरच ठेवा, मधल्या जागेत पाय पडला तर छत फुटते. पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा आणि मास्क हवेच.

पायरी ५: भिंती

लाकडी सांगाड्याच्या भिंतीत लोकर फक्त खांबांच्या मधे असते. लाकडाची वाहकता साधारण ०.१३, म्हणजे लोकरीच्या तिप्पट-चौपट. पोलादी खांब असतील तर ती ५० च्या आसपास, लोकरीच्या हजारपटीहून जास्त. अशा भिंतीत नुसती पोकळी भरून भागत नाही, बाहेरून अखंड थर हवाच. पोकळी रिकामी असेल तर बाहेरून भोके पाडून सेल्युलोज दाबून भरता येतो. घनता ५५ ते ६५ किलो प्रतिघनमीटर ठेवा. सैल भरला तर तो खाली बसतो आणि भिंतीच्या वरच्या भागात गार पट्टा उरतो.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला बाहेरून थर देणे सर्वांत उत्तम. भिंत आतल्या उबदार बाजूला राहते आणि उष्णता धरून ठेवते. १०० ते १५० मिमीचे थर्माकोल किंवा लोकरीचे तक्ते विटांसारखे सांधे मोडत चिकटवा, प्लगने पक्के करा, मग जाळी बसवून गिलावा करा. दोन तक्त्यांमधल्या फटीत चिकटवायचा मसाला जाऊ देऊ नका, तीच रेघ हिवाळ्यात गिलाव्यावर उमटते. विटांच्या भिंतीला आतून थर देणे शक्यतो टाळा. भिंत गार पडते, ओली राहते आणि तिच्यात रुतलेली तुळयांची टोके कुजतात.

पायरी ६: जोते आणि तळघर

पायावर सांगाडा टेकतो तिथे, दर दोन तुळयांच्या मधल्या चौकोनात, ५० मिमी कठीण फोमचा तुकडा चारही बाजूंनी ५ मिमी कमी कापून बसवा आणि कडा फोमने भरा. काम कंटाळवाणे आहे, पण गार जमिनीची तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते. तळघराच्या काँक्रीटला लोकर थेट टेकवू नका, आधी कठीण फोम लावा. उघडा फोम आगीत धोकादायक असतो, म्हणून त्यावर १२.५ मिमी जिप्सम बोर्ड हवा. घराखाली मोकळी माती असेल तर ती जाड पॉलिथिनने पूर्ण झाका. जमिनीच्या खालून थर दिलात तर खालची जागा पूर्वीपेक्षा गार होते, हे लक्षात ठेवून तिथल्या पाण्याच्या पाइपांवरही थर द्या. तो विसरला तर पाइप गोठून फुटतात.

पायरी ७: खिडक्या

एका काचेच्या खिडकीतून प्रतिचौरस मीटर, प्रतिअंश साधारण ५.७ वॅट जातात, साध्या दुहेरी काचेतून २.८ च्या आसपास, उष्णता परतवणारा लेप दिलेल्या आणि आरगॉन वायू भरलेल्या दुहेरी काचेतून १.१ ते १.४. तावदाने लगेच बदलणे परवडत नसेल तर चौकटीवर आतून ताणून बसवायची पारदर्शक फिल्म लावा आणि पल्ल्यांच्या रबरी पट्ट्या बदला.

पायरी ८: हवा येऊ द्या, पण आपल्या मर्जीने

फटी बुजवल्यावर शिळी हवा आणि वाफ घरातच कोंडते. पंखे नियमित चालवा, जमल्यास बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र बसवा. कडक थंडीत आतली आर्द्रता ३० ते ४० टक्के ठेवा. खिडकीच्या खालच्या कडेला रोज पाणी जमत असेल तर ती जास्त आहे. घरात ज्योतीवर चालणारे काहीही असेल तर काम संपल्यावर त्याचा धूर नीट बाहेर जातो का ते तपासून घ्या आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. यात चालढकल नको.

पहिला चांगला बर्फ पडल्यावर छप्पर बाहेरून पाहा. मधेच एखादा पट्टा लवकर वितळून वळचणीला बर्फाचा बांध तयार होत असेल, तर त्या पट्ट्याखाली उष्णता गळते आहे. मग टॉर्च घेऊन माळ्यावर जा आणि छपरातून आत आलेल्या खिळ्यांची टोके पाहा. एखाद्याच भागातल्या टोकांवर हिमाचे पांढरे गोळे दिसले, तर त्याच्या आसपास खाली कुठेतरी फट राहून गेली आहे. तिथली लोकर बाजूला करा, फट बुजवा आणि लोकर पुन्हा पूर्ण जाडीने अंथरा.