ग्रुपने कळसूबाई चढताना

नाशिकहून पहाटे चारला निघा, घोटीवरून भंडारदरा रोडने बारी गाव गाठा, उजाडता उजाडता चढायला लागायचं म्हणजे ऊन डोक्यावर यायच्या आत वर. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त, त्यामुळे पहिल्या चढालाच पळणारे हिरो नंतर बसतात. सगळ्यात स्लो माणूस पुढे ठेवा, अनुभवी माणूस शेवटी, आणि त्याच्या मागे कोणीच राहायचं नाही!

लोखंडी शिड्यांवर मात्र घाई नको, पुढचा पूर्ण वर गेल्याशिवाय दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही, दोन्ही हात मोकळे, मोबाईल खिशात (सेल्फी वर मंदिरापाशी काढा की), पावसात तर पायऱ्या जाम घसरतात. पाणी प्रत्येकी तीन लिटर. खाऊ सॅकच्या आत ठेवा, हातात पिशवी दिसली की माकडं सोडत नाहीत.