मॉर्फिन, खरं बोलणं आणि शेवटचे दिवस: नव्या नर्सेससाठी

जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग संपवून कॅन्सर वॉर्डात, आयसीयूत किंवा पॅलिएटिव्ह युनिटला (बरा न होणारा आजार असलेल्यांचा त्रास कमी करणाऱ्या विभागाला) रुजू होणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीला एक प्रश्न हमखास छळतो. पेशंट शेवटच्या टप्प्यात असतो, ऑर्डरप्रमाणे मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध दिलेलं असतं आणि तासा-दोन तासांत तो जातो. मी दिलेल्या औषधानं गेला का? हे कुणी मोठ्यानं विचारत नाही. पण पुढच्या ड्युटीला डोस देताना हात कचरतो आणि त्याचा त्रास दुसऱ्याच पेशंटला होतो. म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

कॅन्सरच्या दुखण्यावर तोंडानं द्यायचं मॉर्फिन थोड्या मात्रेपासून सुरू करतात आणि दुखणं किती उतरलं ते बघत वाढवतात. साध्या गोळीचा असर चार तास राहतो. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशा वेळा ठरतात. रात्री दहाचा डोस बहुतेक वेळा दुप्पट असतो, म्हणजे पेशंटला मध्यरात्री उठवावं लागत नाही. अशी मोजून-मापून वाढवलेली मात्रा आयुष्य कमी करत नाही. मॉर्फिन जास्त झालं तर श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते, ही गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. प्रत्येक डोसआधी पेशंटला नावानं हाक मारा, मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजा. हाकेला डोळे उघडतोय, श्वास दहा-बारा आहेत, तर डोस द्या. हलवूनही जागा होत नाही, श्वास आठच्या खाली गेलेत, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात, तर डोस थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. हातापायांना बारीक झटके येऊ लागले तर क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी कधी केली होती ते बघा, कारण किडनी नीट चालत नसेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साठत जातात.

आणि शेवटच्या दिवसांतला तो थांबत-थांबत चालणारा श्वास, ज्यात मध्येच बराच वेळ छाती हलतच नाही, तो मॉर्फिनचा एक थेंबही न घेतलेल्या पेशंटमध्येही दिसतो. नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवा. नाहीतर त्यांच्या मनात ‘त्या इंजेक्शननंतर गेले’ एवढंच कायमचं राहतं.

दुखण्याच्या बाबतीत आपल्या पेशाची नीती सुरू होते ती विश्वासापासून. मार्गो मॅककॅफ्री या अमेरिकन नर्सनं १९६८ साली मांडलं की दुखणं म्हणजे पेशंट जे सांगतो ते, आणि तो म्हणतो तेव्हा ते असतं. हे एका नर्सनं म्हणावं याचा मला अभिमान वाटतो. आपल्याकडे मात्र पेशंट सांगतच नाही, ही खरी अडचण असते. विशेषतः बायका. आयुष्यभर सोसायची सवय, त्यात ‘सिस्टरला कशाला त्रास’ हा संकोच. हाडांत कॅन्सर पसरलेल्या एक आजी वॉर्डात होत्या. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, तर म्हणायच्या, “काही नाही गं बाई, बरं आहे.” चार्टवर दोन-तीन दिवस शून्य पडत होतं. पण त्यांची उजवी मूठ कॉटच्या दांडीवरून सुटत नव्हती आणि चादर बदलायला मावशी आल्या की त्या डोळे मिटून घ्यायच्या. “आजी, रात्री कुशीवर झोपलात का?” असं विचारल्यावर उत्तर आलं, “कुशीवर कुठली गं झोपते, बसूनच काढली रात्र.” डोस नीट बसल्यावर त्यांनी स्वतःहून काय मागितलं, तर डोक्याला लावायला तेल.

तेव्हा आकडा विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. झोप लागली का, घास चावता येतो का, संडासला बसता येतं का, कपडे घालताना कुठे थांबावं लागतं, हे विचारा. बोलू न शकणाऱ्या किंवा भ्रमात असलेल्या पेशंटचं कपाळ, मूठ, कण्हणं आणि हलवताना होणारी अंगाची ताठरता बघा. जे दिसलं ते वेळेसकट लिहा. औषध दिल्यावर तासाभरानं परत जाऊन काय फरक पडला तेही लिहा. हा दुसरा आकडा बहुतेक चार्टवर रिकामाच असतो.

केसपेपरवर पेनकिलरपुढे नुसतं ‘एसओएस’, म्हणजे लागेल तेव्हाच द्या, असं लिहिलेलं असेल तर तुम्ही बोललं पाहिजे. सतत असणाऱ्या दुखण्याला घड्याळाप्रमाणे औषध लागतं, आणि मध्येच कळ उठली तर जास्तीचा डोस वेगळा. तो साधारण दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश असतो. एसओएसच्या भरवशावर ठेवलेल्या पेशंटला प्रत्येक वेळी मागावं लागतं, आणि मागणारा पेशंट मग ‘सारखा ओरडणारा’ म्हणून ड्युटी बदलतानाच्या ओव्हरमध्ये सांगितला जातो. हे वाचून कुणाला राग आला तरी चालेल. डॉक्टरांना राउंडला सरळ सांगा: “सर, काल दिवसभरात यांना इतक्या वेळा एसओएस लागलं, रेग्युलर डोस करायचा का?” आकडा हातात असला की कुणी झिडकारत नाही. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लिहिलंय का, तेही बघा. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही. कॅन्सरच्या दुखण्यापेक्षा तुंबलेल्या पोटानंच हैराण झालेले पेशंट मी पाहिलेत.

“सवय लागेल ना सिस्टर?” हा प्रश्न रोज येईल. शांतपणे सांगा, की हे दुखण्यासाठी दिलेलं औषध आहे, दुखणं कमी झालं तर मात्रा कमी करता येते, फक्त एकदम बंद करायचं नाही. या भीतीमागे कायद्याचा इतिहासही आहे. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानं अशा औषधांवर इतके निर्बंध आले की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि खऱ्या गरजूंपर्यंत ते पोचेना. २०१४च्या दुरुस्तीनं मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारखी औषधं अत्यावश्यक ठरवली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं केलं. तरीही कुलूप, दोन चाव्या आणि रजिस्टर हे आपल्याच अंगावर असतं. अर्धं अँप्यूल फेकायचं असेल तर साक्षीदाराच्या समोर फेका आणि त्याच वेळी दोघांच्या सह्या घ्या. ड्युटी संपताना ‘नंतर करते’ म्हणणाऱ्यांना पुढे उत्तरं देत बसावं लागतं. फेंटानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) लावताना जुना काढला का ते अंगावर शोधून बघा, पॅच कापू नका, आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू देऊ नका. उष्णतेनं औषध भराभर शोषलं जातं.

आता सगळ्यात अवघड भाग. मुलगा तुम्हाला कॉरिडॉरमध्ये गाठतो: “सिस्टर, बाबांना काही सांगू नका. गाठ आहे एवढंच माहितीये त्यांना.” त्याच्यावर रागावू नका, तो वडिलांवरच्या मायेपोटीच बोलत असतो. पण त्याचं वचन देऊन मोकळंही होऊ नका. मी असं म्हणते: “दादा, निदान मी स्वतःहून सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम आहे. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आपण डॉक्टरांबरोबर एकदा बसू या.” आणि ते काका विचारतातच, बहुतेक संध्याकाळी, भेटायला आलेले गेल्यावर: “मी यातून उठेन ना?” तेव्हा सलाइनकडे बघत “काही नाही होत, बरे व्हाल” म्हणणं सगळ्यात सोपं. त्याऐवजी स्टूल ओढून बसा आणि विचारा, “तुम्हाला काय वाटतं, काका?” मग गप्प राहा. निम्म्या वेळा त्यांना सगळं माहीत असतं आणि तेच घरच्यांना जपत असतात. कुणाला सातबाऱ्यावर धाकट्याचं नाव लावायचं असतं, कुणाला मुलीचं लग्न अलीकडे ओढायचं असतं, कुणाला दुरावलेल्या भावाला एकदा बोलवायचं असतं. खोट्या दिलाशानं हा वेळ निघून जातो. काही जणांना खरंच जाणून घ्यायचं नसतं. तोही त्यांचा हक्क आहे, पण तो त्यांनी वापरायचा, आपण त्यांच्या वतीनं नाही. काय विचारलं आणि काय बोलणं झालं ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या सेवेचं केंद्र, सुरू केलं. त्या मुळात नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात मनाचं, घरच्यांचं, श्रद्धेचं दुखणंही मिसळलेलं असतं, ही मांडणी त्यांची. मात्रा वाढवूनही उतरत नाही असं दुखणं दिसलं की मी कर्जाबद्दल विचारते.

कायद्याची माहिती नर्सला असलीच पाहिजे, नाहीतर कुणीही काहीही तोंडी सांगून करवून घेतं. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. नोव्हेंबर १९७३मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून त्या जाणीव हरपलेल्या अवस्थेत होत्या आणि १८ मे २०१५ला गेल्या. ती जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळलं. त्यांच्याच खटल्यात मार्च २०११मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांचं अन्न थांबवून त्यांना मरू द्यावं ही मागणी फेटाळली, पण काटेकोर अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायला वाट करून दिली. मार्च २०१८मध्ये घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवलेली वैद्यकीय इच्छा, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य केली. जानेवारी २०२३मध्ये ती प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येतं, आणि उपचार थांबवायचे तर हॉस्पिटलातल्या दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. जीव घेण्यासाठी इंजेक्शन देणं भारतात गुन्हाच आहे. केईएमच्या नर्सेसपुढे मी मान झुकवते. तरी त्यातून ‘सगळं चालू ठेवणं म्हणजेच सेवा’ असा धडा काढू नका. कुशी बदलणं, तोंड पुसणं, अंग स्वच्छ ठेवणं हे कधीच थांबत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, सीपीआर (बंद पडलेलं हृदय सुरू करायला छाती दाबणं) थांबू शकतात, थांबवावेही लागतात.

सीपीआरचंच बघा. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२०मध्ये ‘सीपीआर करू नये’ अशा निर्णयासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तरी कित्येक ठिकाणी फाइलमध्ये काहीच लिहिलेलं नसतं. मग हार्ट थांबल्यावर नातेवाइकांना दिसावं म्हणून हळूहळू, नावापुरती छाती दाबली जाते. यात भाग घेऊ नका. ओव्हर घेतानाच विचारा, “बेड नंबर अमुकचा सीपीआरचा निर्णय लिहिलाय का?” नसेल तर आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) रात्री दहाच्या आधी गाठा. ‘ऑक्सिजन काढून टाका’ अशी तोंडी ऑर्डर आली तर नम्रपणे लेखी मागा.

बऱ्याच घरांना माणूस घरीच जावा असं वाटतं. मग स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्जची सही होते आणि पेशंट अँब्युलन्समधून रिकाम्या हातानं गावी जातो. इथे नर्सनं अडवावं ते फक्त कागद नीट होईपर्यंत. मॉर्फिनच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी दिली का, गिळता येईनासं झालं तर काय करायचं, जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून कशी लावायची, मृत्यूचा दाखला गावातले कोणते डॉक्टर देतील, हे घरातल्या ज्या माणसाच्या हाती सेवा पडणार आहे त्याला करून दाखवा. ती बहुतेक सून असते, आणि राउंडला तिच्याशी कुणी बोललेलंच नसतं. शेवटी घशात घरघर सुरू झाली तर पेशंटला कुशीवर वळवा, नळी घालून खोल सक्शन करू नका. गंगाजल द्यायचं असेल तर ओल्या कापसानं ओठांना लावू द्या, घोट नको.

या कामाकडे वळायचं असेल तर शिकायला जागा आहेत. वांद्र्याचं शांती अवेदना सदन हे १९८६पासूनचं देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून चालू आहे, परळला टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह मेडिसिन विभाग आहे. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स नोकरी सांभाळून करता येतो. अर्ज करण्याआधी मेट्रनशी बोला, कारण रजेपेक्षा जास्त अडतं ते परत आल्यावर कुठल्या वॉर्डात पोस्टिंग मिळणार यावर, आणि ते आधीच ठरवून घेतलेलं बरं.