प्रतवारी वेगळी, सेगमेंटेशन वेगळे

'सेगमेंटेशन' या शब्दाचे मूळ 'कापणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. परंतु नुसते तुकडे पाडणे म्हणजे सेगमेंटेशन नव्हे. एखादे काम नीट व्हावे म्हणून, आतून सारखे आणि परस्परांहून वेगळे असे भाग ओळखणे, हा त्याचा अर्थ. त्यामुळे हा शब्द वापरण्यापूर्वी विभागणी कशाची आणि कोणत्या निकषावर, हे आधी ठरवावे.

नाशिककडे शेतमालाविषयी बोलताना नेमका येथेच घोटाळा होतो. लासलगावला कांद्यातून गोल्टी, म्हणजे लहान आकाराचा कांदा, वेगळी काढली जाते ती प्रतवारी, कारण तेथे माल विभागला जातो. विपणनातील सेगमेंटेशनमध्ये मात्र विभागला जातो तो ग्राहक. अमेरिकी विपणनतज्ज्ञ वेंडेल स्मिथ यांनी १९५६ मध्ये ही कल्पना मांडली, तीही मागणी एकसारखी नसते या निरीक्षणावरच.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराने ग्राहक विभागण्याचे हे काम माल तयार झाल्यावर नव्हे, तर ऑक्टोबर छाटणीच्या, म्हणजे फळासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीच्या, आधीच करावे, असे माझे ठाम मत आहे. निर्यातदार, देशातील बाजारासाठी घेणारा व्यापारी, बेदाणा करणारा, अशी आपल्या खरेदीदारांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे त्याची अट लिहावी. युरोपला माल पाठवणारा औषधांचे उर्वरित अंश पाहतो, म्हणून त्याच्यासाठी फवारणीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. बेदाण्याला मण्यातील साखर महत्त्वाची असते. वाईनरीचा विचार तर लागवडीच्या वेळीच करावा लागतो, कारण वाईनच्या जातीच निराळ्या असतात. ज्या दोन गटांसाठी आपल्याला काहीच वेगळे करावे लागत नाही, ते गट एकत्र करावेत.

जीवशास्त्रात याच शब्दाला 'खंडीभवन' म्हणतात. गांडुळाच्या शरीरावरील वलये हे त्याचे परिचित उदाहरण. संगणकात प्रतिमेतील वस्तू वेगळ्या ओळखण्यालाही सेगमेंटेशन म्हणतात आणि मजकुराची वाक्ये पाडण्यालाही. पूर्णविराम दिसला की वाक्य संपले असे संगणकाने धरल्यास 'डॉ.' किंवा 'रु.' पाशीच वाक्य तुटते, म्हणून अशा संक्षेपांची यादी त्याला आधी द्यावी लागते.

मराठीत लिहिताना ग्राहकांसाठी 'विभागणी', प्राण्यांसाठी 'खंडीभवन' आणि मजकुरासाठी 'वाक्यविभाजन' असे शब्द योजावेत; मूळ शब्दच ठेवायचा असल्यास 'ग्राहकांचे सेगमेंटेशन' असे षष्ठीसह लिहावे.