मणक्यातलं पाणी तपासायला देण्याआधी

म्हाताऱ्या माणसाला विसर पडायला लागला, चाल बिघडली आणि डॉक्टरांनी “पाठीतलं पाणी काढून बघू” म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, पाय जातील का? तसं होण्याची भीती नको. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खालून, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधून जाते. दुसरा प्रश्न, एवढं पाणी काढल्यावर मेंदू सुकणार नाही का? मेंदू आणि मणक्याभोवती मिळून साधारण १५० मिली पाणी असतं आणि शरीर दिवसाला जवळजवळ ५०० मिली नवं तयार करतं. ४० मिली काढलं तर दोन-अडीच तासांत भरून निघतं.

मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये सँपल घ्यायच्या टेबलावर होते. पनवेलपासून घोडबंदरपर्यंतचे बर्फाचे डबे उघडायचे, ट्यूब बघायच्या, चालण्यासारखं नसेल ते परत पाठवायचं. त्यामुळे आमच्या कोपरखैरण्यात कुणाच्या आबांना विसर पडायला लागला की फाइल माझ्याकडे येते. निदान करणं माझं काम नाही. पण ही सुई एकदाच टोचावी आणि तिच्यातून सगळं मिळावं, यासाठी काय करायचं ते सांगू शकते.

आधी पाण्याशिवाय होणाऱ्या गोष्टी संपवा. म्हणजे रक्ताच्या तपासण्या: बी-१२, टीएसएच (थायरॉइडची), सोडियम, कॅल्शियम, शुगर, किडनी-लिव्हर. डॉक्टर म्हणतील तर व्हीडीआरएल (सिफिलिसची) आणि एचआयव्हीसुद्धा, तिथे लाजू नका. शाकाहारी माणूस, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी, म्हणजे बी-१२ कमी असण्याची पूर्ण तयारी. मग गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता. झोपेची गोळी, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, लघवी आवरत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, या सगळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं. लघवीच्या गोळीचा मला विशेष राग आहे. लघवी आणि विसर दोन्ही एकाच आजारातून आलेले असू शकतात, आणि आपण पहिल्याला आवरायला दुसरा वाढवत असतो. तरीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

सीटी किंवा एमआरआय झाल्याशिवाय पाठ पुढे करू नका. आमच्या शेजारचे आबा, वाशीच्या भाजी मार्केटात माथाडी होते, बाथरूममध्ये घसरले. डोक्याला खोक नाही, टेंगूळ नाही, घरचे सगळे ते पडणं विसरून गेले. काही आठवड्यांनी ते सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारायला लागले. सीटीत कवटीच्या आत जुनं रक्त साठलेलं निघालं. ते काढलं आणि आबा परत माणसांत आले. अशा वेळी आधी मणक्यातून पाणी काढणं धोक्याचं ठरलं असतं.

पाण्याची गोष्ट मुख्यतः येते ती एका ठरावीक चित्रात. चाल आधी बिघडते: पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं आखूड, वळताना दोनच्या जागी सहा-सात पावलं. मग लघवीची घाई. मग विसरण्यापेक्षा विचारांचा मंदपणा जास्त, प्रश्न विचारला की उत्तर येतं पण उशिरा. सॉलोमन हकीम या कोलंबियाच्या न्यूरोसर्जनने आणि अमेरिकन न्यूरोलॉजिस्ट रेमंड ॲडम्स यांनी १९६५ मध्ये याचं वर्णन केलं. नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, डॉक्टर नुसतं एनपीएच म्हणतात. मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगतात, पण सुई लावून दाब मोजला तर बहुधा वाढलेला नसतो. जादा पाणी पोटात सोडणारी नळी, म्हणजे शंट, बसवली की बऱ्याच जणांची चाल सुधारते. स्मरणशक्तीचं तेवढं खात्रीने सांगता येत नाही. आणि बहुतेक डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि विचार ढासळण्याचे आजार, परतीचे नसतात, हेही घरात सगळ्यांना आधीच कळलेलं बरं.

शंटचा उपयोग होईल का हे बघायला टॅप टेस्ट करतात: ३० ते ५० मिली पाणी काढायचं आणि चाल सुधारते का पाहायचं. अर्धी परीक्षा घरच्यांच्या हातात आहे आणि तिथेच सगळे ढिले पडतात. “बाबा जरा बरे चालतायत असं वाटतंय” याला काही किंमत नाही. सोसायटीच्या पॅसेजमध्ये १० मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूची रेघ मारा आणि तेवढं चालायला किती सेकंद लागतात ते मोजा. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून वळून परत बसायला किती सेकंद लागतात तेही धरा. व्हिडिओ बाजूने नको, समोरून आणि मागून, पावलं दिसतील असा. पाणी काढण्याआधी दोन वेगवेगळ्या दिवशी करा, कारण म्हातारी माणसं एक दिवस छान चालतात आणि दुसऱ्या दिवशी रुसतात. चप्पल तीच, काठी असेल तर तीच, वेळही शक्यतो तीच. पाणी काढल्यावर दोन-चार तासांनी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा. कुणीतरी बाजूने हात धरायला तयार राहा, पण धरू नका.

आता बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारी पाण्यातली प्रथिनं. टॅप टेस्टचं एवढं पाणी निघणारच आहे, तर त्यातलं थोडं अल्झायमरच्या तपासणीला ठेवायचं का, हे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा. नंतर सुचलं तर पुन्हा सुई. अल्झायमरसाठी मोजतात ते अमायलॉइड हे प्रथिन काचेला आणि साध्या प्लास्टिकला चिकटून बसतं आणि रिपोर्टमध्ये खोटंच कमी येतं. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची, लॅबने दिलेली ट्यूब हवी. ट्यूब आधी मागवून वॉर्डच्या सिस्टरच्या हातात द्या. पाणी सुईतून थेट तिच्यात पडू दे. सिरिंजमधून, मग वाटीतून, मग ट्यूबमध्ये अशी ओताओत नको. सुरुवातीचे रक्ताळलेले थेंब वेगळे काढतात. थंड पाठवायचं की गोठवून, हे ज्या लॅबला जाणार तिलाच फोन करून विचारा.

पेशींची मोजणी मात्र लांब पाठवू नका. पाण्यातल्या पेशी तास-दोन तासांत फुटायला लागतात. ऐरोली पुलावर अडकलेल्या डब्यात त्या मोजायला उरत नाहीत. ती ट्यूब हॉस्पिटलच्या लॅबमध्येच. त्याच वेळी बोटाची नव्हे, शिरेतली शुगर काढायला सांगा, कारण पाण्यातली शुगर रक्तातल्याच्या साधारण दोन-तृतीयांश असते आणि ती ताडून बघितल्याशिवाय अर्थ लागत नाही. शुगर कमी, प्रथिनं आणि पेशी जास्त आल्या तर टीबीचा मेनिंजायटीस (मेंदूच्या आवरणाची सूज) डॉक्टरांच्या डोक्यात येतोच. आपल्याकडे तो विसरून चालत नाही.

क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, अपिक्साबॅन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुईच्या आठवडाभर आधी सांगा. ती कधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. सुईनंतर उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं काहींना होतं, म्हाताऱ्यांना तरुणांपेक्षा कमी. बहुधा काही दिवसांत जातं. ताप, मान ताठणं, पायातली ताकद किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका.

रिपोर्ट आला की लोक पहिला आकडा बघून रडायला बसतात. अल्झायमरमध्ये पाण्यातलं अमायलॉइड बीटा-४२ कमी होतं आणि पी-टाऊ (टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचा एक प्रकार) वाढतं. पण एनपीएचमध्येही बीटा-४२ कमी येऊ शकतं, फक्त तिथे टाऊ सहसा वाढलेलं नसतं. त्यामुळे नुसतं बीटा-४२ लाल अक्षरात आलं म्हणजे अल्झायमर ठरला नाही. बीटा-४२ आणि बीटा-४० (अमायलॉइडचाच दुसरा प्रकार) यांचं गुणोत्तर लॅब देत असेल तर तेही मागा, ते जास्त भरवशाचं. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवू नका, प्रत्येकीची पद्धत आणि नॉर्मल आकड्याची मर्यादा वेगळी. पुण्याच्या भाच्याने गुगलवरून काढलेली मर्यादा तर मुळीच नको. कधी दोन्ही आजार एकत्र निघतात. तरीही शंटने चाल सुधारून माणूस स्वतः संडासला जाऊ लागला, तर त्याच्या बायकोला विचारा त्याचं मोल.

आणि टॅप टेस्टनंतर चाल बदलली नाही, तर फाइल बंद करू नका. ही परीक्षा बदल दिसला तर भरवशाची, न दिसला तर तितकी नाही. दोन-तीन दिवस बारीक नळी ठेवून हळूहळू पाणी काढण्याचा पर्याय असतो. न्यूरोसर्जनना त्याबद्दल विचारा, आणि जाताना एमआरआयची नुसती फिल्म नको, सीडी घेऊन जा.